पत्र्याच्या पेटीबरोबर गेलेली माणसं

ऑगस्ट १९४० चे अखेरचे दिवस. लंडनच्या एका हॉटेलात एडवर्ड बोवेन नावाचा २९ वर्षांचा वेल्श भौतिकशास्त्रज्ञ रात्रीपुरता उतरला होता. त्याच्याजवळ कुलूप लावलेली एक काळी पत्र्याची पेटी होती, वकिलांच्या कचेरीत खरेदीखतं आणि मृत्युपत्रं ठेवायला असते तशी. हॉटेलच्या तिजोरीत ती मावेना. बोवेनने ती पलंगाखाली सरकवली आणि वर झोपला. सकाळी टॅक्सी बोलावली, तर टॅक्सीवाला पेटी आत घ्यायला तयार होईना. शेवटी ती टपावर बांधली आणि टॅक्सी युस्टन स्टेशनवर आली. तिथे एका हमालाने पेटी उचलून खांद्यावर टाकली आणि तो लिव्हरपूलच्या गाडीच्या दिशेने सुटला. मागून बोवेन धावतोय, गर्दीत हमालाचं डोकं आणि वरची पेटी तेवढी दिसतेय, मध्येच दिसेनाशी होतेय. त्या दोन मिनिटांत पेटी कुठे दुसऱ्याच गाडीत गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार आज ऐंशीहून अधिक वर्षांनीही अस्वस्थ करतो.

त्या पेटीत ब्रिटनने युद्धासाठी जे जे शोधलं होतं त्याचे कागद होते. जेट इंजिनाची माहिती होती, विमानाजवळ गेल्यावर आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्याची कल्पना होती, नव्या स्फोटकांबद्दल लिहिलेलं होतं. आणि तळहातावर मावेल असा तांब्याचा एक ठोकळा होता. त्याचं नाव मॅग्नेट्रॉन.

फ्रान्स जूनमध्ये पडला होता. इंग्लंडच्या आकाशात रोज विमानांच्या झुंजी चालू होत्या. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती आणि उतरेल याची खात्री कुणालाच नव्हती. अशा वेळी एका देशाने आपली सगळी गुपितं एका पेटीत भरून दुसऱ्या, तटस्थ देशाकडे पाठवली. बदल्यात काय मिळणार हे आधी न ठरवता.

संरक्षण-खरेदीच्या बातम्यांत आता ‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ हा शब्द नेहमी भेटतो. किती टक्के तंत्रज्ञान मिळणार, कोणते भाग इथे बनणार, कोणते तिकडून येणार, यावर रकानेच्या रकाने भरतात. ते वाचताना मला ही पेटी आठवते. पेटीतले कागद आणि वस्तू हा या गोष्टीचा निम्माच भाग. पेटीबरोबर माणसं गेली आणि त्यांतली काही तिकडे राहिली, हा उरलेला निम्मा. आणि वजन त्या निम्म्याचं जास्त आहे असं माझं मत आहे.

पेटी पाठवण्याची धडपड ज्यांनी केली ते सर हेन्री टिझर्ड. रसायनशास्त्राचे माणूस, पण पहिल्या महायुद्धात स्वतः विमान चालवायला शिकून विमानांच्या चाचण्या घेतलेले. पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे प्रमुख. १९३५ च्या जानेवारीत ब्रिटिश हवाई खात्याने हवाई हल्ल्यापासून बचावाचा विचार करायला एक छोटी समिती नेमली, तिचे अध्यक्ष टिझर्ड. समितीत ए. व्ही. हिल हे नोबेल मिळालेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते आणि पॅट्रिक ब्लॅकेट हे भौतिकशास्त्रज्ञ होते. ही दोन नावं वाचकाने लक्षात ठेवावीत, कारण ती पुढे हिंदुस्थानात येणार आहेत.

त्या काळी लोकांच्या मनात ‘मृत्युकिरण’ नावाच्या गोष्टीने घर केलं होतं. रेडिओलहरींचा झोत टाकून विमान पाडता येईल का, असं हवाई खात्याने रॉबर्ट वॉटसन-वॅट यांना विचारलं. त्यांनी आपला सहकारी अर्नोल्ड विल्किन्स याला हिशोब करायला सांगितलं. हिशोबात निघालं की तसा झोत तयार करणं कुणाच्याही आवाक्यातलं नाही. पण विल्किन्सने त्याच हिशोबातून पुढचं पाहिलं: विमान पडणार नाही, पण त्याच्यावर आपटून लहर परत येईल आणि ती पकडता येईल. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीच्या बीबीसी प्रक्षेपकाच्या लहरींमधून एक हेफर्ड बॉम्बफेकी विमान नेलं गेलं. शेतात उभ्या केलेल्या गाडीत बसलेल्यांना पडद्यावरचा प्रकाशठिपका लांबताना दिसला. विमान डोळ्यांना दिसत नव्हतं, पडद्यावर दिसत होतं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर मग ‘चेन होम’चे उंच उंच मनोरे उभे राहिले, प्रक्षेपणाचे मनोरे ३६० फुटांचे.

रडारचा शोध इंग्रजांनी लावला आणि जर्मनांकडे ते नव्हतं, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती चुकीची आहे. जर्मनांचं ‘फ्राया’ रडार यंत्र म्हणून चेन होमपेक्षा सरस होतं. इंग्रजांनी वेगळं काय केलं ते पाहायला १९३६ साली बिगिन हिलच्या विमानतळावर जायला हवं. मनोरे तेव्हा पुरते तयारही झाले नव्हते. टिझर्ड यांनी हट्ट धरला की यंत्र येईल तेव्हा येईल, ते आलंच आहे असं धरून वैमानिकांनी आत्तापासून सराव करायचा. शत्रूचं विमान अमुक ठिकाणी, अमुक दिशेने, अमुक वेगाने येतंय अशी खबर मिळाली, तर आपल्या विमानाला कोणत्या दिशेला पाठवायचं?

सुरुवातीला जमिनीवरच्या अधिकाऱ्यांनी मोठमोठी गणितं मांडली. गणित सुटेपर्यंत शत्रूने दिशा बदललेली असे. मग टिझर्ड यांनी शाळेतली भूमिती पुढे केली. आपलं विमान आणि शत्रूचं विमान यांना जोडणारी रेषा काढा. तो त्रिकोणाचा पाया. शत्रूचा मार्ग त्या पायाशी जेवढा कोन करतो, तेवढाच कोन आपल्या विमानाला द्या. दोघांचा वेग साधारण सारखा धरला तर समद्विभुज त्रिकोणाच्या शिखरावर दोघांची गाठ पडणार. शत्रूने वळण घेतलं की नवा पाया, नवा कोन. नकाशावर नजर टाकून काही सेकंदांत देता येईल असं हे उत्तर होतं. वैमानिकांनी त्या कोनाला ‘टिझी’ असं लाडकं नाव दिलं. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंड तगलं त्यामागे मनोऱ्यांइतकाच हा कोन होता; मनोऱ्यांवरून येणाऱ्या खबरा एका खोलीत गाळून, नकाशावर मांडून वैमानिकाच्या कानापर्यंत पोचवण्याची सगळी घडी होती. ती घडी शास्त्रज्ञ आणि हवाई दलाचे अधिकारी महिनोन् महिने एका टेबलाशी बसले म्हणून बसली.

पण मनोऱ्यांची लहर दहा मीटरहून लांब. ती दिवसा, दूरवरच्या विमानांसाठी ठीक. रात्री काळोखात शत्रूच्या शेपटीमागे जायचं तर रडार विमानातच हवं, आणि विमानात ३६० फुटांचा मनोरा बसत नाही. लहर जितकी आखूड तितका अँटेना लहान आणि झोत तितका नेमका. कंदिलाचा उजेड सगळीकडे पसरतो, बॅटरीचा एका जागी पडतो, तसं. दहा सेंटिमीटरची लहर हवी होती, पण तेवढ्या आखूड लहरीत दम भरू शकेल असं साधन कुणाकडे नव्हतं. होती ती साधनं काही वॅट ताकद द्यायची.

बर्मिंगहॅम विद्यापीठात मार्क ऑलिफंट यांचा चमू या मागे लागला होता. चमूतले बहुतेक जण क्लायस्ट्रॉन नावाच्या नळीवर काम करत होते. जॉन रँडल आणि हॅरी बूट हे दोघे त्या मुख्य कामाबाहेर होते, त्यांनी जुन्या मॅग्नेट्रॉनकडे नव्याने पाहिलं. त्यांनी तांब्याचा भरीव ठोकळा घेतला. मधोमध एक भोक, त्यात तापणारी तार. भोवती गोलाकार सहा भोकं, प्रत्येकातून मधल्या भोकात उघडणारी एक चीर. दोन्ही बाजूंना जबरदस्त चुंबक. तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकामुळे गिरक्या घेत चिरांवरून जातात आणि प्रत्येक भोक घुमायला लागतं. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली की बाटली घुमते ना, तसंच. इथे आवाजाऐवजी रेडिओलहर निघते. भोकाचा आकार ठरला की लहरीची लांबी ठरली.

२१ फेब्रुवारी १९४० रोजी ते पहिल्यांदा चालवलं. सांध्यांवर लाख लावून निर्वात टिकवलेली, पंप सतत चालू ठेवावा लागणारी ती जुळणी होती. किती ताकद निघतेय हे पाहायला मोटारीचा दिवा जोडला, तो जळून गेला. मोठा दिवा जोडला, तोही गेला. हिशोब लागला तेव्हा सुमारे ४०० वॅट आणि ९.८ सेंटिमीटर असा आकडा आला. आज घराघरांत जो मायक्रोवेव्ह ओव्हन आहे त्याच्या पोटात याच ठोकळ्याचं नातवंड बसलेलं असतं. ओव्हन दुरुस्त करणाऱ्याकडे कधी जुना सुटा केलेला दिसला तर जरूर हातात घेऊन पाहावा: दोन कड्यांसारखे चुंबक, मध्ये तांब्याचा डबा, भोवती उष्णता उडवायला पातळ पत्रे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण युद्धकाळातल्या शोधांच्या कहाण्या राष्ट्राभिमानाच्या भरात ती गाळतात. असा ठोकळा बनवणारे रँडल आणि बूट एकटे नव्हते. सोव्हिएत रशियात अलेक्सेयेव आणि मालेरोव यांनी काही वर्षं आधी तसाच बनवला होता आणि १९४० मध्ये तो चक्क छापून प्रसिद्धही केला. जपानमध्येही १९३९ च्या सुमाराला दहा सेंटिमीटरचा मॅग्नेट्रॉन चालत होता. पण जपानी नौदल आणि भूदल एकमेकांपासून गुपितं राखण्यात एवढे गुंतलेले होते की त्या शोधाची कणसं भरलीच नाहीत. बर्मिंगहॅमच्या ठोकळ्यालाही शेजाऱ्याची मदत झाली. मे १९४० मध्ये, जर्मन फौजा फ्रान्सवर तुटून पडण्याच्या एकदोन दिवस आधी, मॉरिस पाँत हे फ्रेंच संशोधक स्वतः आपला मॅग्नेट्रॉन घेऊन लंडनजवळ वेम्बलीला आले. तिथे जीईसी कंपनीत एरिक मेगॉ हे बर्मिंगहॅमच्या प्रयोगातून कारखान्यात करता येईल असा, पंपाशिवाय चालणारा बंद मॅग्नेट्रॉन घडवत होते. फ्रेंचांनी आपल्या नळीतल्या कॅथोडवर ऑक्साइडचा लेप दिला होता. मेगॉ यांनी तो उचलला आणि ठोकळ्याची ताकद किलोवॅटांत गेली. पाँत यांचा देश दीड महिन्यात पडला, त्यांचा लेप मात्र वेम्बलीत राहिला आणि तिथून बोवेनच्या पेटीत गेला.

ए. व्ही. हिल १९४० च्या सुरुवातीला वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीत होते. तिथल्या शास्त्रज्ञांशी बोलून त्यांचं मत बनलं की अमेरिकेशी घासाघीस करत बसण्यापेक्षा मोकळेपणाने सगळं सांगून टाकावं. बदल्यात मिळायचं ते आपोआप मिळेल. टिझर्ड यांनाही तेच पटलेलं होतं. पण टिझर्ड यांचं सरकारात वजन उरलं नव्हतं. तरुणपणी बर्लिनमध्ये एकत्र शिकलेले त्यांचे जुने मित्र फ्रेडरिक लिंडेमान आता चर्चिल यांचे विज्ञान-सल्लागार होते, आणि दोघांचं पुरतं फाटलं होतं. जूनमध्ये टिझर्ड यांनी हवाई खात्यातली जबाबदारी सोडली. अधिकार गेलेला हा माणूस पेटी नेणाऱ्या मोहिमेचा पुढारी झाला. चर्चिल आधी कचरले, मग तयार झाले. ‘नॉर्डन’ हे बॉम्ब टाकायचं नेमकं यंत्र अमेरिकेकडून मिळावं अशी ब्रिटिशांची फार इच्छा होती. अमेरिकेने त्याला नकार दिला, तरी मोहीम निघाली.

सात जणांचा गट. टिझर्ड विमानाने पुढे गेले. बाकीचे ‘डचेस ऑफ रिचमंड’ या जहाजाने लिव्हरपूलहून निघाले. त्यात अणुभौतिकीतले जॉन कॉकक्रॉफ्ट होते, सैन्याच्या तिन्ही दलांतले अधिकारी होते आणि विमानातलं रडार ज्याने स्वतःच्या हाताने पहिल्यांदा बसवलं तो बोवेन होता. जहाज शत्रूच्या हाती पडतंय असं दिसलं तर पेटी समुद्रात टाकायची, असं ठरलेलं होतं. ६ सप्टेंबरला जहाज हॅलिफॅक्सला लागलं. दुसऱ्या दिवशी लंडनवर मोठ्या बॉम्बहल्ल्यांची मालिका सुरू झाली.

१९ सप्टेंबरच्या संध्याकाळी वॉशिंग्टनच्या वॉर्डमन पार्क हॉटेलात आल्फ्रेड लूमिस यांच्या खोल्यांमध्ये बैठक झाली. लूमिस वकिली करून पुढे वॉल स्ट्रीटवर श्रीमंत झालेले, आणि विज्ञानाच्या वेडापायी टक्सीडो पार्कला स्वतःची प्रयोगशाळा उभारलेले गृहस्थ. अमेरिकेत आखूड लहरींच्या संशोधनासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्यांची समिती नेमकी त्याच भिंतीशी अडकली होती: दहा सेंटिमीटरवर ताकद मिळत नाही. कॉकक्रॉफ्ट आणि बोवेन यांनी तांब्याचा ठोकळा पुढे ठेवला आणि आकडे सांगितले. अमेरिकेतल्या नळ्यांपेक्षा सुमारे हजारपट. सरकारी शिष्टमंडळात सहसा जी आखडून बोलण्याची रीत असते ती त्या खोलीत त्या रात्री संपली. पुढे टक्सीडो पार्कला शनिवार-रविवार बसून कामाची यादी तयार झाली: रात्री लढणाऱ्या विमानात बसणारं रडार, विमानविरोधी तोफांना नेम देणारं रडार, आणि लांब पल्ल्याचं दिशादर्शन.

आता त्या ठोकळ्याची खरी परीक्षा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बोवेन तो बेल प्रयोगशाळेत घेऊन गेला. चालवला, आणि दहा किलोवॅटच्या वर ताकद निघाली. सगळे खूश. बेलवाल्यांनी नक्कल करायला घेतली. नक्कल करण्याआधी ठोकळा न उघडता त्याचा एक्स-रे काढला, तर पेच पडला. बरोबर आलेल्या आराखड्यात सहा भोकं होती. एक्स-रेत आठ दिसत होती. आराखडा खरा की वस्तू? हा ठोकळा खोटा आहे का, कुणी मुद्दाम चुकीची आकृती दिली का, असे प्रश्न उठले. बोवेनकडे विचारणा झाली. त्यालाही काही सांगता येईना. अखेर समुद्रापलीकडे वेम्बलीला मेगॉ यांना फोन लावला. मेगॉ यांनी खुलासा केला: बारा ठोकळे बनवले, पहिले दहा सहा भोकांचे, अकरावा सात भोकांचा, बारावा आठ भोकांचा. बारावा सगळ्यांत चांगला चालला म्हणून तो पाठवला. आराखडा बदलायचा राहून गेला. तुम्ही वस्तू पाहून करा.

मला या सगळ्या इतिहासात हा फोन सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आराखडा चुकीचा होता. कुणाचा कावा नव्हता, घाईत राहून गेलेलं काम होतं. प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक प्रयोगशाळेत असं होतं. वस्तू पुढे जाते, कागद मागे राहतो, आणि मधलं अंतर ज्याने हाताने काम केलं त्याच्या डोक्यात असतं. त्या माणसाला थेट विचारता आलं आणि त्याने लपवाछपवी न करता उत्तर दिलं, म्हणून अमेरिकेतला पहिला मॅग्नेट्रॉन महिन्याभरात तयार झाला. परवान्याच्या कराराने, टक्केवारीने, सीलबंद लिफाफ्याने तो झाला नसता.

पुढे कामाचा वेग अंगावर येतो. वर्ष संपायच्या आत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘रेडिएशन लॅबोरेटरी’ उभी राहिली. अणुसंशोधन चाललंय असं बाहेर वाटावं म्हणून ते नाव. प्रमुख ली ड्युब्रिज, बरोबर इसिडोर राबी आणि देशभरातून आलेले तरुण भौतिकशास्त्रज्ञ, ज्यांतल्या बहुतेकांनी रडार पाहिलंही नव्हतं. त्यांना शिकवणारा बोवेन होता. टिझर्ड ऑक्टोबरमध्ये परतले, बोवेन राहिला. ४ जानेवारी १९४१ ला प्रयोगशाळेच्या गच्चीवरून चार्ल्स नदीपलीकडच्या बॉस्टनच्या इमारतींचे प्रतिध्वनी पडद्यावर आले. हॉटेलातल्या बैठकीला चार महिनेही झाले नव्हते. युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे ४००० माणसं काम करत होती आणि रडारचे शंभराच्या आसपास प्रकार तिथे घडले. फारशी शाळा न शिकलेले पर्सी स्पेन्सर रेथियन कंपनीत होते. तांब्याचा भरीव ठोकळा कोरण्याऐवजी पातळ पत्र्यांच्या चकत्या कापून त्यांची चवड जोडायची, ही युक्ती त्यांची. त्या युक्तीने मॅग्नेट्रॉन दिवसाला दोन हजारांच्या वर निघू लागले. ब्रिटनकडे डोकं होतं, एवढ्या चकत्या कापायला कारखाने नव्हते.

अटलांटिकमध्ये याचा परिणाम १९४३ च्या वसंतात दिसला. जर्मन पाणबुड्यांवर मीटरभर लांबीच्या लहरी ओळखणारं यंत्र होतं, दहा सेंटिमीटरची लहर त्याला ऐकूच येत नसे. मे महिन्यात जर्मनीच्या चाळीसच्या वर पाणबुड्या बुडाल्या. रडारबरोबर लांब पल्ल्याची विमानं, फोडलेले सांकेतिक संदेश आणि वाढलेल्या संरक्षक नौका हेही त्यामागे होतं, एकट्या ठोकळ्याला श्रेय देणं बरं नव्हे.

पेटीतल्या दुसऱ्या गोष्टीचं, आपोआप फुटणाऱ्या गोळ्याचं काय झालं ते लंडनवासीयांनी १९४४ मध्ये पाहिलं. कल्पना ब्रिटिश होती: गोळ्याच्या टोकात इवलासा रेडिओ बसवायचा, विमानावरून परत आलेली लहर पुरेशी जोराची झाली की गोळा फुटायचा. अडचण ही की तोफेतून सुटताना गोळ्याला गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजारपट धक्का बसतो आणि आतली काचेची नळी चुरा होते. अमेरिकेत मर्ल ट्यूव्ह यांच्या गटाने कानाच्या यंत्रात वापरतात तसल्या बारक्या नळ्यांपासून सुरुवात करून तो प्रश्न सोडवला आणि युद्ध संपेपर्यंत असे दोन कोटींच्या वर फ्यूज बनले. जून १९४४ मध्ये जर्मनीने व्ही-१ हे उडते बॉम्ब लंडनवर सोडायला सुरुवात केली. जुलैच्या मध्याला हवाई संरक्षणाचे प्रमुख रॉडरिक हिल यांनी, वरून मंजुरी येण्याची वाट न बघता, शेकडो तोफा काही दिवसांत लंडनच्या परिसरातून उचलून थेट समुद्रकिनाऱ्यावर नेल्या. तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या: मॅग्नेट्रॉनवर चालणारं अमेरिकन रडार, बेल प्रयोगशाळेचं नेम काढणारं यंत्र, आणि हा फ्यूज. सुरुवातीचे आठवडे तोफखान्याच्या जवानांना नवी यंत्रं जमेनात. शिकवायला माणसं आली, हात बसला. २८ ऑगस्टला नव्वदच्या वर बॉम्ब आले, लंडनपर्यंत चार पोचले.

एवढं झाल्यावर युद्ध संपलं आणि दारं पुन्हा लागली. ऑगस्ट १९४६ मध्ये अमेरिकेने मॅकमहॉन कायदा करून अणुविद्येची माहिती परक्यांना द्यायला बंदी केली. ज्या ब्रिटनचे शास्त्रज्ञ अणुबॉम्बच्या प्रकल्पात खांद्याला खांदा लावून होते, तो ब्रिटनही त्या बंदीत आला. ते सहकार्य परत सुरू व्हायला १९५८ उजाडलं. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांनी २०२१ मध्ये ‘ऑकस’ करार केला तेव्हाही तोच अनुभव आला: तीन मित्रदेशांतच अमेरिकेचे निर्यात-निर्बंध शिथिल व्हायला २०२४ चा उत्तरार्ध लागला. १९४० साली चार महिन्यांत गच्चीवर रडार चालू झालं होतं. युक्रेनमध्ये आज बारके ड्रोन आठवड्यांच्या हिशोबाने बदलतात, कारण ते बनवणारा आणि ते उडवणारा जवान यांचं रोजचं बोलणं आहे. बिगिन हिलला जे घडलं त्याच जातीचं ते काम आहे.

या गोष्टीची एक फांदी आपल्या अंगणात आलेली आहे. ए. व्ही. हिल १९४३-४४ च्या हिवाळ्यात सरकारच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानात आले, काही महिने प्रयोगशाळा आणि विद्यापीठं हिंडले आणि इथल्या विज्ञानाच्या उभारणीवर त्यांनी अहवाल दिला. ब्लॅकेट यांना नेहरूंनी स्वातंत्र्यानंतर संरक्षण-संशोधनावर सल्ला विचारला; त्यांनी १९४८ मध्ये अहवाल दिला, त्याच वर्षी दौलतसिंह कोठारी संरक्षण मंत्रालयाचे पहिले विज्ञान-सल्लागार झाले. त्यातून पुढे डीआरडीओ आली. खडकीला १९५२ साली सुरू झालेली आणि नंतर खडकवासल्याजवळ गिरिनगरला गेलेली शस्त्रास्त्रविद्येची संस्था, पाषाणची शस्त्रास्त्र-संशोधन प्रयोगशाळा, ही पुणेकरांच्या ओळखीची कुंपणं त्याच काळातली.

आणि बोवेन? युद्ध संपण्याआधीच तो ऑस्ट्रेलियाला गेला. सिडनीतली रेडिओफिजिक्स प्रयोगशाळा युद्धात रडारसाठीच उभारलेली होती. तिचा तो १९४६ पासून प्रमुख झाला. रडारची उरलेली यंत्रं आणि ती चालवणारी माणसं आता आकाशाकडे वळवली गेली, सूर्याचे आणि ताऱ्यांचे रेडिओतरंग ऐकायला. १९५३ मध्ये कोलंबो योजनेतून गोविंद स्वरूप नावाचा तरुण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतून तिथे दोन वर्षांसाठी गेला. पॉट्स हिल इथल्या जलाशयाकाठी सहा फुटी ३२ तबकड्यांची एक रांग सूर्य न्याहाळायची, तिच्यावर तो काम शिकला. ती रांग मोडीत काढायचं ठरतंय हे कळल्यावर स्वरूप यांनी विचारलं, या तबकड्या आम्हाला देता का? सिडनीवाल्यांनी हो म्हटलं. तेव्हा होकार देणारा प्रमुख तोच होता, ज्याच्या पलंगाखाली ती पेटी होती.

तबकड्या दिल्लीला यायला वेळ लागला, आणि त्या आल्या तेव्हा त्यांची नस जाणणारे स्वरूप अमेरिकेला गेलेले होते. त्या नुसत्या पडून राहिल्या. १९६१ मध्ये परदेशातल्या चार भारतीय रेडिओखगोलशास्त्रज्ञांनी होमी भाभांना पत्र लिहिलं की बोलावलंत तर आम्ही येतो. भाभांनी बोलावलं. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, दिल्लीत पडलेल्या तबकड्या त्यांनी मागवून घेतल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांची रांग सूर्याकडे तोंड करून उभी केली. त्या रांगेवर हात बसलेली माणसंच पुढे रेडिओदुर्बीण उभारायला उटीला गेली, आणि नंतर नारायणगावाजवळच्या खोडदच्या परिसरात, जिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या शेतांच्या मधोमध आज फिरताना दिसतात.